आवाजावर प्रक्रिया करणारी चिप आणि बाहेरचा कोडेक : ठरावीक वेळाने परत येणाऱ्या प्रतिध्वनीचे कारण काय असावे?

उद्वाहक
नमस्कार. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला रिसीव्हर न उचलता मदत केंद्राशी बोलता यावे, असा एक फोन आम्ही तयार करत आहोत. चारही बाजूंना पोलादी पत्रा आणि माइकपासून वीतभर अंतरावर स्पीकर, अशी जागा असल्यामुळे प्रतिध्वनी फार तीव्र येतो. म्हणून प्रतिध्वनी काढून टाकणारी आणि आवाज स्वच्छ करणारी स्वतंत्र चिप बोर्डवर घेतली आहे. तिला ध्वनीसाठी दोन पोर्ट आहेत. पहिल्या पोर्टला बाहेरचा कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारी चिप, जोडला असून माइक आणि स्पीकर त्याच्याकडे आहेत. दुसऱ्या पोर्टला ४जी मॉड्यूल जोडले आहे.

पहिला पोर्ट आयटूएस या चिपांमध्ये ध्वनी नेण्याच्या पद्धतीने १६ किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याची क्लॉक, म्हणजे वेळ ठरवणारे ठोके, कोडेक स्वतःच्या १२.२८८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून देतो. दुसरा पोर्ट पीसीएम या तशाच दुसऱ्या पद्धतीचा, आखूड फ्रेम सिंकचा (प्रत्येक फ्रेमची सुरुवात दाखवणारा संकेत) आणि तोही १६ किलोहर्ट्झचा आहे. त्याची २.०४८ मेगाहर्ट्झची बिट क्लॉक मॉड्यूल देते.

कॉल लागल्यावर काही सेकंदांत प्रतिध्वनी नाहीसा होतो आणि बोलणे नीट ऐकू येते. मात्र काही मिनिटांनी पलीकडच्या माणसाला अचानक स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. तीन-चार सेकंदांत तो पुन्हा जातो आणि काही मिनिटांनी पुन्हा येतो. चिपची बहुतेक सर्व सेटिंग बदलून पाहिली, पण फरक पडला नाही. चूक प्रक्रियेत शोधावी की जोडणीत, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. अडकलेला माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याच्याशी बोलणाऱ्याला मध्येच स्वतःचा आवाज ऐकू येऊन तो अडखळला, तर ते चालणार नाही.

शिकाऊ
मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न अगदी प्राथमिक आहे, पण विचारतो. चिप आणि कोडेक यांच्यामध्ये आयटूसीच्या दोन तारा असतातच, तर ध्वनीसाठी वेगळ्या तारा कशासाठी लागतात?

सह्यकडा
शिकाऊ, आयटूसी आणि आयटूएस यांची नावे सारखी असली तरी दोघांची कामे निराळी आहेत. कोडेकचा आवाज किती ठेवायचा, कोणता माइक चालू करायचा, किती किलोहर्ट्झवर चालायचे, हे सगळे आयटूसीवरून रजिस्टरमध्ये लिहून सांगितले जाते. तिथे आधी पत्ता पाठवायचा, पोच घ्यायची, मग माहिती पाठवायची, अशी रीत असते आणि थोडा उशीर झाला तरी बिघडत नाही. ध्वनीला मात्र थांबता येत नाही. १६ किलोहर्ट्झला दर ६२.५ मायक्रोसेकंदांनी नवा नमुना, म्हणजे आवाजाचे एक मोजमाप, यावाच लागतो, आणि एकही चुकला तर कानाला टक असा आवाज जाणवतो.

आयटूएसची व्याख्या फिलिप्स कंपनीने १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात पत्ता नाही आणि पोचही नाही. एक बिट क्लॉक असते, डावा आणि उजवा चॅनेल ओळखण्यासाठी एक शब्दनिवड तार असते आणि एक डेटाची तार असते. फोनसारख्या उपकरणात जाणारा आणि येणारा असे दोन्ही आवाज एकाच वेळी चालू असल्यामुळे डेटाच्या तारा दोन लागतात. उद्वाहक यांच्या पहिल्या पोर्टवर प्रत्येक चॅनेलला ३२ बिटांची जागा धरली, तर १६,००० गुणिले २ गुणिले ३२, म्हणजे १.०२४ मेगाहर्ट्झची बिट क्लॉक होते.

आयटूएसमध्ये शब्दनिवड तार बदलल्यानंतर एक बिट क्लॉक सोडून मग सर्वांत मोठा बिट येतो, हे विशेष लक्षात ठेवा. डावीकडे सरकवलेल्या पद्धतीत, म्हणजे लेफ्ट जस्टिफाइडमध्ये, तो बिट तार बदलते त्याच क्षणी सुरू होतो. शिवाय डावा चॅनेल आयटूएसमध्ये तार खाली असताना येतो आणि या दुसऱ्या पद्धतीत वर असताना. एका बिटाच्या या फरकाने अनेकांचे आठवडे खाल्ले आहेत.

मृदंगी
त्या अनेकांत मीही आहे. आमच्या एका बोर्डवर हळू बोलले की आवाज सुरेख यायचा आणि जोरात बोलले की फाटायचा. आम्ही चार दिवस माइकच्या प्रवर्धकाला दोष देत राहिलो. प्रत्यक्षात पाठवणारा डावीकडे सरकवलेल्या पद्धतीने पाठवत होता आणि घेणारा आयटूएस समजून वाचत होता. त्यामुळे प्रत्येक नमुन्याचा सर्वांत मोठा बिट गळून पडायचा आणि उरलेले सगळे एक घर वर सरकायचे. १६ बिटांच्या नमुन्याचे मूल्य १६,३८४ च्या आत असेल तोवर ते फक्त दुप्पट होते, कारण लहान मूल्यांत वरचे दोन बिट सारखेच असतात. त्यापुढे गेले की चिन्हच उलटते आणि लाट वरून थेट खाली कोसळते. म्हणून हळू बोलणे ठीक आणि जोरात बोलणे फाटलेले.

उलट चूक झाली, म्हणजे पाठवणारा आयटूएस आणि घेणारा डावीकडे सरकवलेला असेल, तर चिन्हाच्या जागी आधीचा रिकामा शून्य बिट बसतो. मग -१ सारखे अगदी छोटे ऋण मूल्यसुद्धा ३२,७६७ होऊन बसते आणि शांततेतही प्रचंड खरखर ऐकू येते. या दोन लक्षणांवरून कोणती चूक आहे ते स्कोप न लावताही ओळखता येते.

उद्वाहक यांचे लक्षण यातले नाही, कारण त्यांचा आवाज बराच वेळ उत्तम चालतो. बिटांची चूक पहिल्या क्षणापासून दिसते.

ताम्रपट
मी बोर्ड आखण्याचे काम करतो, म्हणून माझी शंका तारांवर आहे. बिट क्लॉकची तार बोर्डवर लांबवर गेली असेल आणि तिच्या उगमाशी मालिकेत रोध नसेल, तर कड चढताना हेलकावा येतो आणि घेणारी चिप एका कडेच्या दोन कडा मोजते. एक बिट जास्त मोजला गेला की ती फ्रेम बिघडते. उगमाजवळ २२ ते ३३ ओहमचा रोध लावून पाहा. आमच्याकडे एवढ्यावर काम झाले होते. तसेच कोडेक १.८ व्होल्टवर आणि चिप ३.३ व्होल्टवर, असे तर नाही ना, तेही तपासा.

क्रॉसबार
ताम्रपट यांचा सल्ला कोणत्याही बोर्डसाठी योग्य आहे, पण या प्रकरणात मला तो लागू वाटत नाही. हेलकाव्याने होणारी चूक वेळापत्रक पाळत नाही. ती कधी सेकंदात दोनदा होते, कधी तासभर होत नाही. इथे प्रतिध्वनी ठरावीक वेळाने येतो असे शीर्षकातच लिहिले आहे.

माझी नोकरी दूरध्वनी केंद्रात झाली. तिथे एका जोडीवरून २.०४८ मेगाबिट वेगाने ३२ स्लॉट चालत. प्रत्येक स्लॉटमध्ये ८ बिट आणि पूर्ण फेरी, म्हणजे एक फ्रेम, १२५ मायक्रोसेकंदांची. त्यातला शून्य क्रमांकाचा स्लॉट फ्रेम जुळवण्यासाठी, सोळावा संकेतांसाठी आणि उरलेले ३० बोलण्यासाठी असत. दोन केंद्रे आपापल्या क्लॉकवर चालली, तर वेगातील सूक्ष्म फरक बफरमध्ये, म्हणजे मधल्या साठवणीत, साठत जातो आणि एके क्षणी पूर्ण फ्रेम टाकून द्यावी लागते किंवा तीच दुसऱ्यांदा वाचावी लागते. याला आम्ही स्लिप म्हणत असू. म्हणून प्रत्येक केंद्राने वरच्या केंद्राकडून क्लॉक घ्यायची असा नियम होता. आंतरराष्ट्रीय जोडणीत हे शक्य नसते, म्हणून तिथे संदर्भ क्लॉकची अचूकता १० चा उणे ११ वा घात इतकी ठरवलेली आहे. अशा दोन क्लॉक विरुद्ध दिशांनी चुकल्या तरी १२५ मायक्रोसेकंदांची एक स्लिप व्हायला सुमारे ७२ दिवस लागतात.

तुमच्या बोर्डवर कोडेकचा क्रिस्टल एक आणि मॉड्यूलचा दुसरा आहे. दोघांत ५० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत ५० चा, फरक सहज पडू शकतो. चिप दहा मिलिसेकंदांच्या, म्हणजे १६० नमुन्यांच्या गठ्ठ्यांत काम करत असेल, तर दर २०० सेकंदांनी एक गठ्ठा सांडणार. कृपया घड्याळ लावून दोन प्रतिध्वनींमधला काळ मोजा आणि इथे लिहा.

शिकाऊ
क्रॉसबारकाका, एक विचारू का? गठ्ठा सांडला तर एकदा टक असा आवाज यावा. प्रतिध्वनी तीन-चार सेकंद का टिकतो?

क्रॉसबार
चांगला प्रश्न विचारलास. प्रतिध्वनी काढणारा गाळक असे शिकतो की, दूरच्या माणसाचा आवाज चिपमध्ये आल्यापासून अमुक नमुन्यांनी, अमुक प्रमाणात तो माइकमधून परत येतो. शिकलेल्या नकाशाप्रमाणे तो वजाबाकी करतो. मधल्या बफरमधून १६० नमुने एकदम वगळले, तर तो नकाशा दहा मिलिसेकंदांनी सरकतो. मग गाळक चुकीच्या जागी वजाबाकी करतो आणि पहिल्यापासून शिकू लागतो. ते तीन-चार सेकंद शिकण्याचे आहेत.

उद्वाहक
मोजून पाहिले. सलग सात वेळा प्रतिध्वनी परत आला आणि प्रत्येक वेळी मधला काळ ३ मिनिटे २० सेकंद, फार तर एखादा सेकंद इकडेतिकडे.

त्यानंतर दोन्ही पोर्टच्या फ्रेम सिंक एकाच लॉजिक ॲनालायझरवर घेऊन दहा मिनिटे मोजल्या. यंत्र एकच असल्याने त्याच्या स्वतःच्या क्रिस्टलची चूक दोन्हीकडे सारखीच पडते. मॉड्यूलच्या ९६,००,००० फ्रेम होईपर्यंत कोडेकच्या ४७८ कमी भरल्या. भागाकार केला तर ४९.८ पीपीएम येतो. क्रॉसबार यांनी बोर्ड न पाहता सांगितलेला आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहून आम्ही दोघे-तिघे बराच वेळ पाहत राहिलो. मनापासून आभार.

चिपच्या अंतर्गत आकृतीत संदर्भाचा आवाज, म्हणजे वजाबाकीसाठी घेतलेला दूरच्या माणसाचा आवाज, दुसऱ्या पोर्टमधून आत येतो तिथेच, म्हणजे बफरच्या आधीच घेतलेला दिसतो. त्यामुळे बफर सांडले की नकाशा सरकणारच. आता उपाय कोणता करावा?

खारेवारे
दोन मार्ग सुचतात. पहिला म्हणजे चिपमध्ये किंवा बाहेर नमुनावेग बदलणारा टप्पा घालणे. तो दोन्ही क्लॉकमधला फरक सतत मोजतो आणि नमुन्यांच्या मधली मूल्ये काढून देतो, त्यामुळे काहीच सांडत नाही. दुसरा म्हणजे संदर्भ चिपच्या आतून न घेता स्पीकरच्या प्रवर्धकाच्या बाहेरून घेऊन कोडेकच्या दुसऱ्या माइक चॅनेलवर आणणे. मग माइक आणि संदर्भ एकाच कोडेकमधून, एकाच क्लॉकवर, एकाच फ्रेमच्या डाव्या आणि उजव्या जागेत येतात. आधी कितीही स्लिप झाली, तरी या दोघांतील अंतर बदलत नाही. स्मार्ट स्पीकरांत ही पद्धत सर्रास वापरतात. चार चॅनेलच्या कोडेकमध्ये तीन माइक आणि एक संदर्भ असे एका टीडीएम तारेवर, म्हणजे पाळीपाळीने अनेक चॅनेल नेणाऱ्या एकाच तारेवर, बसवता येतात.

मृदंगी
दुसऱ्या मार्गाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. त्याने प्रतिध्वनी थांबेल, पण गठ्ठा सांडणे थांबणार नाही. दर २०० सेकंदांनी बोलण्यातले दहा मिलिसेकंद जातच राहतील. अडकलेला माणूस तिसरा मजला म्हणाला की तेरावा, यात गोंधळ होण्याइतका हा तुकडा मोठा नसला, तरी मूळ दुखणे ठेवून त्यावर औषध लावणे मला पटत नाही.

तरीही बाहेरून घेतलेल्या संदर्भाचा एक मोठा फायदा आहे. छोटा स्पीकर आणि त्याचा प्रवर्धक मोठ्या आवाजाला जो विकार घालतात, त्यातला प्रवर्धकाचा भाग संदर्भातही येतो आणि गाळकाला तो वजा करता येतो.

सह्यकडा
याला जोडून एक काळजी सांगतो. संदर्भ चिपच्या आतूनच घेणार असाल, तर त्यानंतर कोडेकमधला आवाज आयटूसीवरून बदलू नका. मदत केंद्रातून आवाज वाढवण्याची आज्ञा आली आणि तुम्ही कोडेकच्या रजिस्टरमध्ये ६ डेसिबल वाढवले, तर प्रतिध्वनी दुप्पट होतो आणि संदर्भ आहे तेवढाच राहतो. गाळकाला पुन्हा शिकावे लागते. आवाजाची पायरी संदर्भ घेण्याच्या आधी, चिपमध्येच ठेवा.

पाऊलवाट
मूळ प्रश्नाकडे येतो. क्लॉक कोणाची ठेवायची हे ठरवताना ४जी मॉड्यूलची एक सवय लक्षात घ्या. कॉल नसताना बरीच मॉड्यूल पीसीएमची क्लॉक बंद करतात. मॉड्यूलची क्लॉक धरून चिप आणि कोडेक चालवले, तर क्रॉसबार यांचा नियम पाळला जाईल आणि स्लिप होणार नाही, पण कॉल लागण्याआधी स्पीकरवर सूचना वाजवायची असेल तर कोडेकला क्लॉकच नसेल. लिफ्टमध्ये पहिली ओळ तीच हवी असते, की घाबरू नका, मदत केंद्राला फोन लागत आहे.

म्हणून माझा सल्ला उलट आहे. बोर्डवर एकच क्रिस्टल ठेवा, तो चिपला द्या आणि दोन्ही पोर्टची क्लॉक चिपनेच चालवावी. कोडेकला क्लॉक घेणारा करा. त्याचा अंतर्गत पीएलएल, म्हणजे एका क्लॉकवरून दुसरी क्लॉक तयार करणारा भाग, बिट क्लॉकवरून चालत असेल, तर वेगळ्या मास्टर क्लॉकचीही गरज नाही. टीएलव्ही३२०एआयसी३१०४ सारख्या कोडेकमध्ये ही सोय आहे. मॉड्यूललाही क्लॉक घेणारे करा. बहुतेकांत त्यासाठी आज्ञा असते.

ताम्रपट
पण मग मॉड्यूल आणि मोबाइल नेटवर्क यांच्यातील फरक कुठे जाईल? स्लिप फक्त एका दारातून दुसऱ्या दारात गेली, असे तर होणार नाही ना?

पाऊलवाट
होय, ती मॉड्यूलमध्ये जाते, आणि ती तिथेच असलेली बरी. व्होल्टीईमध्ये, म्हणजे ४जी वरच्या कॉलमध्ये, आवाज पॅकेटांतून येतो आणि पॅकेटे वेळेवर येत नाहीतच. म्हणून तिथे येणाऱ्या आवाजाला बफर असते, आणि ते दोन वाक्यांमधली शांतता किंचित लांबवून किंवा आखडून फरक भरून काढू शकते. मुख्य म्हणजे हे सगळे चिपमध्ये संदर्भ घेतला जातो त्याच्या आधी घडते. चिपमध्ये शिरल्यापासून स्पीकर आणि माइकमार्गे परत येईपर्यंत एकच क्लॉक राहते.

क्रॉसबार
पाऊलवाट यांचे म्हणणे मला पटले. केंद्रात आम्ही वरून क्लॉक घेत होतो, कारण आमच्याकडे पॅकेट नव्हते आणि शांतता ताणण्याची सोयही नव्हती. इथे परिस्थिती निराळी आहे.

मॉड्यूलची पद्धत बदलताना एवढे मात्र पाहा की त्याचा पीसीएम पोर्ट १६ बिटांच्या सरळ नमुन्यांवरच राहतो आहे ना. चुकून ८ बिटांच्या ए-लॉवर, म्हणजे नमुने आठ बिटांत दाबून बसवण्याच्या दूरध्वनीच्या पद्धतीवर, गेला, तर घोटाळा होईल. भारतात आणि युरोपात ए-लॉ वापरतात आणि त्यात एकाआड एक बिट उलटवलेले असल्याने शांततेचा संकेत शून्य नसून षोडशमान पद्धतीत डी५ असतो. ते सरळ नमुने समजून वाचले, तर नुसता खरखराट ऐकू येतो.

शिकाऊ
या चर्चेमुळे माझ्याही प्रकल्पातली एक गोष्ट उलगडली. मी ईएसपी३२-एस३ या मायक्रोकंट्रोलरला आयटूएसचे दोन आयएनएमपी४४१ माइक एकाच डेटा तारेवर जोडले आहेत, एक डाव्या जागेत आणि एक उजव्या. दोन्हींचा आवाज एकमेकांत किंचित मिसळल्यासारखा वाटत होता. माइक २४ बिट पाठवून झाले की तार सोडून देतो आणि उरलेल्या आठ बिटांच्या काळात ती कोणाच्याच ताब्यात नसते. डेटा तार जमिनीला १०० किलोओहमने जोडा, असे माहितीपत्रकात लिहिलेले मी वाचूनही सोडून दिले होते. काल रोध लावला. आता खालच्या आठ जागी शून्यच येतात आणि मिसळणेही थांबले.

ताम्रपट
शिकाऊ, छान. तिथे बिट क्लॉक प्रत्येक फ्रेमला ६४ च ठेव. ३२ ठेवलीस तर माइक चालणार नाही.

उद्वाहक
नऊ दिवसांनी लिहितो आहे, कारण बोर्डात बदल करून पूर्ण चाचणी घ्यायची होती.

कोडेकचा क्रिस्टल काढला. दोन्ही पोर्टची क्लॉक आता चिप देते आणि कोडेकचा पीएलएल १.०२४ मेगाहर्ट्झच्या बिट क्लॉकवरून चालतो. ताम्रपट यांच्या सांगण्यावरून दोन्ही बिट क्लॉकच्या उगमाशी ३३ ओहमचे रोध लावले. मॉड्यूल क्लॉक घेणारे केले. पहिल्याच दिवशी आवाज एका बिटाने सरकलेला निघाला, कारण या पद्धतीत मॉड्यूल फ्रेम सिंकनंतर एक बिट सोडून डेटा अपेक्षित धरते आणि आम्ही लगेच पाठवत होतो. हळू बोलल्यावर ठीक आणि जोरात बोलल्यावर फाटलेला आवाज ऐकताच मृदंगी यांचा प्रतिसाद आठवला आणि चूक दहा मिनिटांत सापडली.

त्यानंतर खऱ्या लिफ्टमध्ये, दरवाजे बंद करून, दीड तासाचा कॉल केला. प्रतिध्वनी एकदाही परत आला नाही. पूर्वी बोलण्याच्या मागे सतत एक अगदी पुसट कुजबुज असायची आणि ती आम्ही चिपची मर्यादा समजत होतो. तीही गेली. क्रॉसबारकाकांचे गणित पुढे नेल्यावर कारण कळले. दोन स्लिपांच्या मधल्या काळात अंतर स्थिर नव्हतेच, ते सेकंदाला ०.८ नमुन्याने सरकत होते आणि गाळक सतत त्याच्या मागे धावत होता.

एक अडचण राहिली होती. कोडेकचा पीएलएल स्थिर होण्याआधीच सूचना सुरू झाल्यामुळे "घाबरू नका" मधला "घा" ऐकू येत नसे. आता लिफ्टला वीज मिळाल्यापासून चिप क्लॉक चालूच ठेवते आणि सूचनेआधी शून्य नमुन्यांच्या वीस फ्रेम पाठवते. तळमजल्यावरच्या पहारेकऱ्यांना आत उभे करून ऐकवले. त्यांनी पहिल्या शब्दापासून पूर्ण वाक्य म्हणून दाखवले.